रंगपंचमीनंतरचा पांढरा मग

आधीच सांगून ठेवते, या लेखात शू हा शब्द पुष्कळदा येणार आहे. चहाचा कप हातात धरून वाचायची सवय असेल त्यांनी आधी चहा संपवून टाकावा. का ते पुढे कळेल.

दुसरं म्हणजे, माझी नात जुई ठणठणीत आहे. हे सुरुवातीलाच सांगते, कारण शेवट माहीत असल्याशिवाय मला स्वतःला आजारपणाचं काही वाचवत नाही. सात वर्षांची असताना ती फ्लूच्या तापातून उठली आणि तिच्या पायांचे स्नायू आतल्या आत तुटायला लागले. लहान मुलांना असं होऊ शकतं हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगतेय.

नामपूरची महाराणी

त्याआधी माझ्याबद्दल थोडं. मी मूळची नामपूरची. माझे वडील कांदा मार्केटात मापाडी होते आणि आमच्या घरातल्या उशांनासुद्धा कांद्याचा वास यायचा. लग्न होऊन जुन्या नाशकातल्या एका गल्लीत आले, आणि काय सांगू, पहिल्याच आठवड्यात मी अशी वागायला लागले की जणू माझा जन्म अत्तराच्या बाटलीत झाला होता. अहिराणी बोलणं बंद. नाकाला पदर सुरू. माझा मुलगा नितीन झाला तेव्हा त्याचं ओलं लंगोट मी दोन बोटांच्या चिमटीत धरून, हात लांब करून, तोंड तिसरीकडे वळवून न्यायची. सासूबाई ओट्यावरून म्हणायच्या, "अगं, पोराचं लंगोट आहे ते. साप नाही."

आमच्या गल्लीच्या टोकाला रहाड आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रहाड म्हणजे रस्त्याखाली बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो फळ्या आणि मातीखाली गाडलेला असतो, वरून रिक्षा जातात. रंगपंचमीला तो उघडतात, फुलं उकळून केलेल्या रंगानं भरतात आणि लोक त्यात धाडकन उड्या घेतात. त्या उडीला धप्पा म्हणायचं. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आमचीचा केशरी. एकदा बसला की आठवडाभर कान केशरी राहतात.

महाराणीनं त्यात कधी पाय बुडवला असेल? छे! दरवर्षी खळ दिलेली साडी नेसून मी गॅलरीत उभी राहायची आणि खाली चाललेल्या धिंगाण्याकडे अशी बघायची, जसं कुणी प्राणिसंग्रहालयात बघतं. मला कुणी बोलवत नसे, आणि त्याचाही मला राग येई.

टाचा

त्या वर्षी रंगपंचमीच्या आधी जुईला ताप आला. वर्गातली निम्मी मुलं खोकत होती, त्यामुळे कुणाला काही विशेष वाटलं नाही. आता आम्ही कॉलेज रोडमागच्या फ्लॅटमध्ये राहतो, पण रंगपंचमीला नितीनला जुनी गल्लीच लागते. ताप नुकताच उतरला होता. जुईची आई सायली म्हणाली, "काल-परवापर्यंत ताप होता, नितीन. यंदा राहू दे."

"ताप गेला. बघ ना कशी उड्या मारतेय."

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंचं वाक्य काढलं: "रहाडीचा रंग अंगावर बसला की उन्हाळा बाधत नाही." सासूबाई हयात असताना मी त्यांचं एकही वाक्य मानलं नव्हतं, आणि हे नेमकं तेव्हा आठवलं.

जुई बापाच्या कडेवरून रहाडीत गेली, ढोलावर नाचली आणि केशरी मांजरासारखी घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलंगावरून उतरली ती चवड्यांवर. टाचा टेकवेचना. आईच्या उंच टाचांच्या चपला घातल्यासारखी तुरुतुरु चालत हॉलमध्ये आली. आम्हाला वाटलं नक्कल करतेय. मी पण पदर खोचून तिच्यामागे चवड्यांवर चालायला लागले. आजी आणि नात, दोन बगळे. सायली हसून हसून बेजार.

मग जुई म्हणाली, "आजी, पाय खरंच दुखतायत."

"नाचलीस किती काल! ये, तेल लावून देते."

माझ्या हाताला गुण आहे असं मी स्वतःच पसरवलेलं आहे. तिळाचं तेल कोमट केलं, पोटरीवर अंगठा ठेवला मात्र, पोरीनं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या. मी बाटलीला बूच लावलं.

पाय का दुखतात? नाचली म्हणून. आणि शू तांबूस का? तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण रंगपंचमीनंतर आमच्या बाथरूममध्ये सगळंच तांबूस असतं. नितीननं डोक्यावर पाणी घेतलं की केशरी, सायलीनं केस धुतले की केशरी. संडासाच्या भांड्यात काही दिसलं तर "अजून रंग निघतोय" म्हणून पाणी सोडायचं.

दुपारी जुईला उभंच राहता येईना. उचलून नेलं तरी कळवळायची. शेवटी मी आंघोळीचा पांढरा मग पलंगाशी आणला आणि म्हटलं, "यात कर."

मगात जे आलं ते मी वाकून बघितलं. कोरा चहा. सकाळचा, उकळून उकळून कडू झालेला.

"उष्णता," मी निकाल दिला. "धने-जिऱ्याचं पाणी भिजवते."

सायलीनं मग माझ्या हातातून घेतला. खिडकीशी नेला, आत बघितलं, पोरीच्या केशरी कानांकडे बघितलं, पुन्हा मगात.

"आई, रंग बाहेरून लागतो. आतून येत नाही."

सुनेची वाक्यं मी सहसा पाठ करत नाही. हे केलं.

काकवी

मगातला ऐवज मी जॅमच्या धुतलेल्या बरणीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि आम्ही रिक्षात बसलो. नितीन सिन्नरला कारखान्यात होता, त्याला फोन करून बोलावलं. जुई आईच्या मांडीवर, बरणी माझ्या मांडीवर. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

"आजी, काकवी का? भारी दिसतीये. कुठं मिळाली?"

"घरचीच आहे," मी म्हटलं.

सायलीनं मला कोपरानं ढोसलं. पण त्या सबंध वाटेत तिच्या ओठांचा कोपरा तेवढा एकदाच हलला, म्हणून त्या रिक्षावाल्याचं भलं होवो.

नेहमीच्या डॉक्टरीणबाई बोलक्या आहेत. त्या दिवशी मात्र त्यांनी आधी बरणी उजेडाकडे धरली. त्यांनी जुईच्या पोटऱ्या अगदी हलक्या हातानं दाबून पाहिल्या, ताप कधी गेला ते विचारलं आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. तोवर नितीन आला. कानामागे केशरी, चेहरा पांढरा.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. फ्लूनंतर काही मुलांच्या पोटऱ्यांचे स्नायू सुजतात. मुलं चवड्यांवर चालतात, आणि बहुतेक जण थोड्या दिवसांत आपोआप बरी होतात. पण क्वचित स्नायू तुटायलाच लागतात. तुटलेला माल रक्तात येतो, आणि रक्त गाळायचं काम किडनीचं. शूचा काळपट रंग म्हणजे किडनीच्या गाळणीत गाळ आलाय.

"सलाईन भरपूर द्यायचं, सगळं धुऊन काढायचं. पाय चोळायचे नाहीत. दुखण्याची गोळी मनानं द्यायची नाही."

"आणि नाही धुतलं गेलं तर?" नितीननं विचारलं.

"तर काही दिवस डायलिसिस लागू शकतं. तिथपर्यंत जाऊ नये म्हणूनच आजच ॲडमिट करतोय."

सायलीनं नितीनकडे न बघता विचारलं, "रंग खेळायला नेल्यामुळे झालं का?"

"आजार फ्लूचा आहे, रंगाचा नाही. तापातून उठल्यावर आराम हवा होता, हे खरं. पण हे कुणाच्या नावावर लिहायचं असं मला विचाराल, तर मी नाही लिहिणार."

त्यांनी लिहिलं नाही. पण घरातल्या माणसांना कुठे कागद लागतो?

शहाळी

हॉस्पिटलात प्रत्येकाला काम मिळालं. सायली सलाईनच्या थेंबांवर नजर ठेवायची, नितीन रक्ताचे रिपोर्ट आणायला धावायचा, आणि मला मिळाला पॉट. म्हणजे जुईनं केलेली शू आकडे छापलेल्या भांड्यात मोजायची, रंग बघायचा आणि सिस्टरना सांगायचं. चिमटीत लंगोट धरणारी ती नामपूरची महाराणी आता दिवसभर पॉट कवटाळून बसलेली! सासूबाई फोटोतून उठून बघायला येतील असं वाटायचं.

रंग सांगायला मी स्वतःची भाषा केली. काकवी, कोरा चहा, गूळपाणी, उसाचा रस, जिऱ्याचं पाणी. सिस्टरना आधी हसू यायचं, मग त्याच विचारायला लागल्या, "आजी, आता काय?"

"कोरा चहाच, सिस्टर."

आता शहाळ्यांचं ऐका. नाशकात कुणी हॉस्पिटलात आहे कळलं की माणूस शहाळं घेऊन निघतो. हंगाम असेल तर द्राक्षं पण. पहिल्याच दिवशी खाटेखाली शहाळ्यांची रास लागली, आणि डॉक्टर म्हणाले, "शहाळ्याचं पाणी हिला अजिबात नाही. फळांचे रस नाही. त्यातलं पोटॅशियम सध्या हिच्या रक्तात आधीच जास्त आहे. साधं पाणी पाजा."

आणलेलं परत कसं द्यायचं? म्हणून मी प्यायले. तेवढ्यात इगतपुरीहून सायलीची आई, माझ्या विहीणबाई, सुमनताई आल्या. तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा, मिरचीचा ठेचा, आणि त्यांच्याही हातात एक शहाळं.

"विहीणबाई, तुम्ही दमला असाल. उठा, आता मी बसते पोरीपाशी."

"बसा की. पण पॉट धरायला जमेल ना?"

"अहो, तीन पोरं वाढवलीत मी!"

"मी एकच वाढवला, पण नाक धरून. त्यामुळे मला अनुभव कमी आणि हौस जास्त आहे. पॉट माझ्याकडेच राहू दे, तुम्ही हे शहाळं घ्या."

आमचं हे चालायचं तेव्हा जुई हसायची. हसली की पोटऱ्या दुखायच्या, मग रडायची, मग आमच्याकडे बघून पुन्हा हसायची.

नितीन आणि सायली मात्र एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचं ते माझ्यामार्फत. "आई, त्याला सांगा, चार्जर दे." "आई, तिला सांग, खाऊन घे." अंतर एका खाटेचं. शेवटी कॉरिडॉरमध्ये सायली फुटली. "मी नको म्हटलं होतं ना! एकदा तरी ऐकलंस का?" नितीन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

मला उपदेश येत नाही. मी कँटीनमधून एक शहाळं फोडून आणलं, त्यात दोन नळ्या खुपसल्या आणि दोघांच्या मध्ये धरलं.

"हे दोघांनी मिळून संपवा. माझी आज चार झाली. यापुढे माझ्याच किडनीचं बघावं लागेल. आणि सायली, नको म्हणणारी तू एकटी होतीस. जा म्हणणारे दोघं होतो. भांडायचंच तर मलापण घे."

सायलीनं नळी तोंडात धरली. मग नितीननं. एका शहाळ्यात दोन डोकी, दोघांच्या डोळ्यांतून पाणी. मी पॉटकडे परत गेले.

संप

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा रिपोर्ट आला तो सकाळपेक्षा वाईट. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळचं रक्त बघू. तेव्हा ठरवू." काय ठरवू ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

आम्ही दाराशी कुजबुजत होतो, पण पोरांचे कान. मी खाटेशी आले तर जुई छताकडे बघत म्हणाली, "आजी, माझे पाय विरघळले का?"

मी चादर वर केली.

"बोटं मोज."

तिनं मोजली. "दहा."

"मग विरघळलं काय? सगळे कामगार हजर आहेत."

"मग चालत का नाहीत?"

"संपावर गेलेत."

बाप कारखान्यात असल्यामुळे संप म्हणजे काय ते पोरीला माहीत. तिनं जरा विचार केला. "मागण्या काय आहेत त्यांच्या?"

"पाणी. म्हणतात, घोट घोट का होईना, येत राहिलं पाहिजे. नाहीतर टाच टेकणार नाही."

जुईनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि हात पुढे केला. "दे. मागण्या मान्य."

मी पेला तोंडाला लावला आणि कुठून कोण जाणे, कितीतरी वर्षांपूर्वी गिळून टाकलेली भाषा वर आली. "पानी पी ले, मनी माय." माझी आई मला असंच म्हणायची.

"हे काय बोललीस?"

"आमच्या नामपूरचं बोलणं. मनी माय म्हणजे माझी आई. पी, मग शिकवते."

प्रत्येक घोटाला एक शब्द असा सौदा ठरला. कसं आहे म्हणजे 'कसं शे?' चांगलं आहे म्हणजे 'चांगलं शे.' सुमनताई पण शिकायला बसल्या. डोळे मिटेपर्यंत पोरीनं पेल्यावर पेले रिचवले. नंतर मी पदर तोंडात धरून खिडकीशी उभी राहिले. तिथे विनोद नव्हता. उद्या या एवढ्याशा जिवाला यंत्राला जोडतील का, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या जुईनं पॉट मागितला. झाल्यावर माझी बघायची हिंमत होईना. जुईनंच विचारलं, "आजी, कसं शे?"

मी पॉट खिडकीशी नेला. उन्हाची पहिली तिरीप आत पडली.

गूळपाणी.

कोरा चहा नाही. उसाचा रस अजून नाही. पण गूळपाणी! मी दोन्ही हातांत पॉट धरून, कपाळाच्या उंचीवर, कॉरिडॉरमधून सिस्टरच्या टेबलाकडे निघाले. मागे सुमनताई, मागे सायली, तिच्यामागे नितीन. शेजारच्या खोलीतल्या बाळाचे आजोबा दारात उभे होते. आमची वरात बघून त्यांनी हात जोडले आणि ओंजळ पुढे केली. त्यांना वाटलं तीर्थ आलं. सुमनताईंनी त्यांना वेळेत आवरलं नसतं तर काय झालं असतं देव जाणे.

रक्ताचा रिपोर्टही थोडा उतरला होता. डॉक्टर म्हणाले, "वळलं. आता डायलिसिसचं नाव काढायला नको." सायलीनं नितीनच्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि त्यानंतर मला कुणी चार्जरचे निरोप सांगितले नाहीत.

गूळपाण्याचा उसाचा रस झाला, रसाचं जिऱ्याचं पाणी. एका दुपारी जुईनं खाटेचा कठडा धरून पाय खाली सोडले आणि एक टाच जमिनीला टेकवली. मग दुसरी. आपल्याच टाचांकडे बघत गंभीरपणे म्हणाली, "संप मिटला."

तुमच्यासाठी

तुमच्या घरी पोर तापातून उठलं, पोटऱ्या धरून बसलं, चवड्यांवर चालायला लागलं तर घाबरून जाऊ नका. बहुतेकांचं आपोआप बरं होतं. पण डॉक्टरांना दाखवा, मनानं गोळ्या देऊ नका, आमच्यासारखं तेल घेऊन धावू नका. आणि शूचा रंग बघा. पांढऱ्या भांड्यात, उजेडात, लाज न बाळगता. काळपट दिसली तर धने-जिरे राहू दे, आधी रिक्षा बोलवा. आणि भेटायला जाणाऱ्यांनो, शहाळं नेण्याआधी विचारा. प्यायला प्रत्येक घरात माझ्यासारखी आजी असेलच असं नाही.

धप्पा

पुढच्या वर्षी रंगपंचमी आली. जुई केव्हाच पळायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. सायली स्वतःच म्हणाली, "जाऊ या." पण जुईनं अट घातली. "आजी पण उडी मारणार."

"माझं वय काय, बोलतेस काय?"

"तुझ्या पायांच्या मागण्या काय आहेत ते सांग."

आमच्या रहाडीवर बायकांसाठी सुरुवातीची वेळ राखून ठेवतात. दोन पोरींनी माझे हात धरले, सायलीनं मागून पदर खोचून दिला, आणि महाराणीनं धप्पा मारला. रंग नाकात गेला, कानात गेला, ज्या तोंडानं गॅलरीतून नाक मुरडलं त्या तोंडातही गेला. कोमट होता. एवढी वर्षं मला वाटायचं गार असणार.

वर बघितलं. माझ्या त्या गॅलरीत आता दुसऱ्याच कुणाचे तरी टॉवेल वाळत होते.

घरी आलो तर बाथरूमपुढे रांग. पहिली जुई गेली. दाराखालून केशरी पाणी वाहत आलं. मग पाणी थांबलं, आणि आतून मग उचलल्याचा आवाज आला.

आम्ही कुणीच ठरवलं नव्हतं, पण नितीननं टीव्हीचा आवाज बंद केला. सायली टॉवेल हातात तसाच धरून उभी राहिली.

मी दाराला तोंड लावलं. "जुई, कसं शे?"

कार्टी मुद्दाम वेळ लावत होती, मला माहीत होतं. माझंच रक्त ते. तरी मी दारावर थाप मारली.

"चांगलं शे!" ती ओरडली. "जिऱ्याचं पाणी!"

नितीन मटकन खुर्चीत बसला. दार किलकिलं झालं, फटीतून कोपरापर्यंत केशरी झालेला हात बाहेर आला, आणि त्या हातात रिकामा, धुतलेला पांढरा मग होता.

"घे आजी," ती म्हणाली. "आता तुझा नंबर."